श्वानाचें नामकरण

कळंबच्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या घरीं कुत्र्याचें एक पिलूं आलें आहे. नर, वय दोन महिने, रंग तपकिरी, कान अद्याप पडलेले. पिलूं येऊन तीन आठवडे झाले, तरी त्याला नांव नाहीं. चिरंजीव म्हणतात 'ब्रुनो'. सासूबाई म्हणतात 'खंड्या'. यजमान म्हणतात, कांहींही ठेवा, पण रात्रीं भुंकूं देऊं नका. आणि मामंजींचें म्हणणें असें कीं, सोवळ्याच्या घरांत मुळीं कुत्राच नको, मग नांव कशाला? आम्हीं संस्कृत शिकविलेलें असल्यामुळें एखादें गोजिरवाणें नांव आम्हींच सुचवावें, अशी भगिनींची आज्ञा आहे.

हें वाचून कित्येकांस हंसूं येईल. आम्हांस आलें नाहीं. पस्तीस वर्षें रोज सकाळीं वर्गाची हजेरी घेतल्यावर, नांव ही केवढी जड वस्तु आहे हें मनुष्यास कळूं लागतें. मराठींत 'नांव ठेवणें' या एकाच शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. बारशाच्या दिवशीं पाळण्यांत ठेवितात तें एक. आणि शेजारपाजारीं एकमेकांस ठेवितात तीं दुसरीं. कुत्र्याचें नामकरण करितांना हे दोन अर्थ एकमेकांत केव्हां मिसळतात याचा पत्ता लागत नाहीं, म्हणूनच हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

प्रथम मामंजींची शंका घेऊं. वडिलांचा मान आधीं. कुत्रा आपल्या वाङ्मयास परका नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत देवांची दूती होऊन पणींकडे जाणारी सरमा ही कुत्रीच. चोरलेल्या गाईंविषयीं ती त्यांच्याशीं किती धीटपणें बोलते! तिच्या नांवावरून कुत्र्यास सारमेय म्हणतात. यमाच्या दारीं दोन श्वान सांगितले आहेत. एक श्याम, दुसरा शबल. श्याम म्हणजे काळा आणि शबल म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. याचा अर्थ असा कीं, यमधर्मानेंही आपल्या कुत्र्यांचीं नांवें काळ्या आणि ठिपक्या अशींच ठेविलीं होतीं; आमच्या जिल्ह्यांतील धनगर बांधव याहून वेगळें काय करितात? अमरकोशांत कुत्र्याच्या नांवांत पहिलेंच नांव 'कौलेयक' असें येतें. कौलेयक म्हणजे कुळांतला. 'कुल' शब्दापासून हा शब्द कुत्र्याच्याच अर्थीं साधावा, यासाठीं पाणिनींनीं सूत्रांत तशी सोय करून ठेविली आहे. सूत्रकारांनीं ज्यास कुळांत घेतलें, त्यास अंगणांत घेण्यास मामंजींची हरकत नसावी. देवघर आणि स्वयंपाकघर यांचा उंबरठा त्यानें ओलांडूं नये, एवढा नियम घालून द्यावा. पिलूं लहानपणींच तो शिकतें.

त्याच अमरकोशांत 'भषक' असाही शब्द आहे. भषक म्हणजे भुंकणारा. ३ नोव्हेंबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें स्पुटनिक-२ मध्यें बसवून जी कुत्री अंतराळांत धाडली, तिचें 'लायका' हें जगप्रसिद्ध नांव त्याच अर्थाचें आहे. जगांत कोठेंही जा, मनुष्य कुत्र्याचें नांव ठेवितो तें त्याच्या रंगावरून, आवाजावरून, किंवा स्वतःच्या आवडत्या दैवतावरून.

येथें सासूबाईंचा 'खंड्या' आला. या नांवास आमच्या जिल्ह्यांत विशेष आधार आहे. तुळजापूर तालुक्यांत अणदूर आणि नळदुर्ग येथें खंडोबाचीं दोन देवळें आहेत, पण मूर्ति एकच. देव वर्षांतील बहुतेक काळ अणदुरास राहतात व सुमारें पावणेदोन महिने नळदुर्गास येतात. पौष पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. खंडोबाच्या तसबिरींत घोड्याच्या पायांशीं कुत्रा असतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्याचे वाघे स्वतःस देवाचे कुत्रे मानितात, आणि देवापुढें तसा भुंकण्याचाही आचार त्यांच्यांत होता. तेव्हां 'खंड्या' किंवा 'वाघ्या' म्हणण्यानें देवाची विटंबना होते, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. तें धन्याचें नांव चाकरानें मिरविणें आहे.

या दोन्ही नांवांस इतिहासांतही स्थान मिळालें आहे. सातारचे शाहू महाराज १७४९ सालीं निवर्तले. त्यांच्या 'खंड्या' नांवाच्या कुत्र्यानें शिकारींत वाघापासून त्यांचे प्राण वांचविले, अशी परंपरागत कथा असून संगम माहुली येथें त्याची समाधि दाखवितात. रायगडावरील 'वाघ्या'ची गोष्ट मात्र निराळी. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' नाटकानें तो घरोघर पोंचला व १९३६ सालीं गडावर त्याचें स्मारक उभें राहिलें. परंतु शिवकालीन कागदांत त्याचा पुरावा नाहीं, असा आक्षेप अभ्यासकांनीं घेतला. २०१२ सालीं तो पुतळा काढण्यांत आला, पुन्हां बसविण्यांत आला, आणि २०२५ सालीं तो वाद परत उठला. एका श्वानाच्या नांवापायीं महाराष्ट्रांत एवढें रण माजतें. मग कळंबच्या एका घरांत तीन आठवडे चर्चा चालली, तर नवल तें काय?

आतां नांवाच्या घडणीविषयीं. कुत्र्याचें नांव हें लिहिण्यासाठीं नसून हांक मारण्यासाठीं असतें. दुरून हांक मारितांना शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा होतो, असें पाणिनि सांगतात. आपण शेताच्या बांधावरून 'मोत्याऽऽऽ' अशी हांक घालतों तेव्हां नकळत अष्टाध्यायीच पाळीत असतों. नांवाच्या शेवटीं स्वर असला कीं तो हवा तेवढा लांबवितां येतो. 'प्रिन्स' म्हणून पाहावें. शेवट दांतांतच अडकतो आणि कुत्रा तोंवर दुसऱ्या गल्लींत पोंचतो.

दुसरा नियम गृह्यसूत्रांतून घेऊं. मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें, आरंभीं घोष वर्ण असावा, मध्यें य र ल व यांपैकीं एखादा अंतःस्थ यावा, आणि शेवट दीर्घ असावा, असें तेथें सांगितलें आहे. हा नियम माणसाच्या बाळासाठीं आहे, हें खरें. पण तो कुत्र्याच्या नांवांस लावून पाहिला असतां मोठी मौज दिसते. 'मोत्या' घ्या. दोन अक्षरें, म घोष, पोटांत य, शेवटीं दीर्घ आ. शंभरांपैकीं शंभर गुण! 'वाघ्या' तसाच उत्तीर्ण. 'खंड्या' मात्र पहिल्याच अक्षरीं अडखळतो, कारण ख हा वर्ण अघोष. 'टॉमी'ची तीच गत. आणि चिरंजीवांचा 'ब्रुनो'? ब घोष, पोटांत र, शेवटीं ओ दीर्घ. तो सर्व अटींत बसतो. सासूबाईंनीं रागावूं नये; परीक्षकास नाती पाहतां येत नाहींत. शिवाय नांव कृदन्त असावें, अशीही एक अट सूत्रांत आहे. ती आम्हीं सर्वच कुत्र्यांना माफ केली आहे.

ही आवड एकट्या आपल्याच लोकांची नव्हे. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांतील झेनोफन नांवाच्या ग्रीक ग्रंथकारानें शिकारीवर एक पुस्तक लिहिलें आहे. त्यांत त्यानें कुत्र्यांचीं नांवें आंखूड असावींत, म्हणजे हांक मारावयास सोपें जातें, असें सांगून चाळीसांहून अधिक नांवांची यादीच दिली आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या अथेन्सकराला आणि आमच्या भूम-परंड्याच्या मेंढपाळाला एकच गोष्ट अनुभवानें कळली, याचें कारण कुत्र्याचा कान दोन्हीकडे सारखाच.

त्या कानाचाही थोडा विचार हवा. आपण कुत्र्याला हांकलतांना 'हाड' म्हणतों, अंगावर घालतांना 'छू' म्हणतों, जवळ बोलावतांना 'यू यू' करितों. यांपैकीं 'हाड'शीं वा 'छू'शीं जुळणारें नांव ठेवूं नये. 'हंड्या' म्हणून हांक मारावी आणि त्यानें शेपूट घालून पळावें, असें व्हावयाचें. घरांतल्या बंडूचा भाऊ शोभेल असा 'बंड्या'ही नको. नाहींतर जेवावयास हांक मारिली कीं दोघेही पाटावर हजर. कुत्र्यास अर्थ कळत नसेल, पण नांवें ओळखण्याची त्याची शक्ति थोडी नाहीं. अमेरिकेंतील 'चेसर' नांवाच्या एका कुत्रीस तिच्या प्राध्यापक धन्यानें १०२२ खेळण्यांचीं नांवें शिकविलीं होतीं, आणि ती सांगितलेलें खेळणें निवडून आणी. आमच्या वर्गांतील कांहीं मुलांस तेवढे धातु पाठ झाले असते तर!

परभाषेंतील नांव नकोच, असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. टॉमी हें थॉमसचें लाडकें रूप. खंडेरावाचा खंड्या व्हावा तसेंच. ब्रुनो हें जुन्या जर्मन भाषेंतलें, आणि त्याचा अर्थ तपकिरी. आतां तपकिरी पिलास मराठी माणूस काय म्हणेल? 'भुऱ्या'! वरील सूत्रांतही तो पुरा बसतो. तेव्हां चिरंजीव आणि सासूबाई यांच्यामध्यें आम्ही 'भुऱ्या' ठेवितों. चिरंजीवांस शब्दाचा अर्थ मिळाला, सासूबाईंस मराठी वळण मिळालें. दाखल्यावर ब्रुनो लिहावें, अंगणांत भुऱ्या म्हणावें. कागदावरचें नांव आणि जिभेवरचें नांव निराळें असण्याची आम्हां जिल्हेकरांस सवय आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून कागदावर उस्मानाबाद झालें, तरी जुन्या माणसांच्या तोंडचें धाराशिव सुटलें नाहीं; शेवटीं २०२३ सालीं सरकारी कागदही जिभेच्या मागून आला. आमची नांवाजलेली शेळी मात्र अजून 'उस्मानाबादी'च आहे. जें नांव रोज प्रेमानें घेतलें जातें तेंच टिकतें, हा यांतला धडा.

येथवर विनोद झाला. आतां आम्हांस खरें जें सांगावयाचें आहे त्याकडे वळतों. मराठींतील '-या' हा प्रत्यय दुधारी आहे. आईनें लावला तर लाड, परक्यानें लावला तर अपमान. कुत्र्याचें नांव ही दुसऱ्या धारेची सोयिस्कर म्यान आहे, असें कांहीं लोकांस वाटतें.

आम्ही नोकरीस होतों त्या एका गांवीं दोन शेजाऱ्यांचें भिंतीवरून भांडण होतें. कोर्टांत निकाल लवकर लागेना. तेव्हां त्यांतील एकानें कुत्रा पाळला आणि त्यास दुसऱ्याचें नांव ठेविलें, अर्थात् '-या' लावून. रोज दिवेलागणीस ओट्यावर उभें राहून तो त्या नांवानें हांका मारी, भाकरीचा तुकडा टाकी आणि खाऊन होतांच 'हाड' म्हणे. सारी गल्ली हंसे. त्या दुसऱ्या गृहस्थाचा मुलगा आमच्या वर्गांत होता. हजेरींत मुलाच्या नांवामागून बापाचें नांव येतें. तें आम्हीं उच्चारलें कीं मागच्या बांकांवरून हळूच 'यू यू' असा आवाज निघे. मुलगा प्रथम 'हजर' म्हणेनासा झाला. पुढें हजर होईनासाच झाला. आम्हीं मागच्या बांकांचा समाचार घेतला, त्या वर्गाची हजेरी क्रमांकानें घेऊं लागलों, आणि घरीं जाऊन मुलास परत आणिलें. पण त्याच्या मुठींत दगड असे. तो कुत्रा दिसला कीं तो मारी. कुत्र्यालाही कळून चुकलें कीं, या एकाच नांवामागून कधीं भाकरी येते, तर कधीं दगड येतो. हांक ऐकली कीं तो दोन पावलें पुढें येई आणि तीन मागें सरे. भांडण भिंतीचें होतें. त्यांत एक मूल आणि एक मुकें जनावर, असे दोन निरपराध जीव भरडले जात होते.

पुढें कुत्र्याच्या धन्याची बदली झाली. तो सामान घेऊन गेला, कुत्रा राहिला. त्या नांवानें त्याला हांक मारण्याचा आतां कोणासच धीर होईना, म्हणून तो नुसताच 'हाड' झाला. ऐन पावसाळ्यांत एके संध्याकाळीं, ज्यांचें नांव त्या कुत्र्यानें वाहिलें होतें, त्याच गृहस्थांनीं त्याला आपल्या ओसरीवर घेतलें, आणि त्याचें नांव 'पाव्हण्या' ठेविलें. आपलें नांव आपणांस परत मिळालें, तेव्हां त्यालाही त्याचें एक मिळावें, एवढेंच ते म्हणाले. भाकरीच्या तुकड्यांबरोबर आठपंधरा दिवसांत तो तें नांव शिकला. मुलाच्या मुठींतला दगड नेमका केव्हां सुटला तें आम्हांस ठाऊक नाहीं. मधल्या सुटींत शाळेच्या फाटकाशीं पाव्हण्या त्याची वाट पाहत बसूं लागला, एवढें आम्हीं पाहिलें.

म्हणून व्याकरणाचे सर्व नियम मोडले तरी चालतील, पण एक नियम मोडूं नये: कुत्र्याला हांक मारिली असतां वाटेनें जाणाऱ्या माणसावर मान खालीं घालण्याची पाळी येऊं नये. शेजाऱ्याचें नांव नको. घरीं कामास येणाऱ्या माणसाचें नको. कोणत्याही जातीस वा धर्मास टोचणारें नको. आपणांस न आवडणाऱ्या पुढाऱ्याचें तर नकोच नको. अशा नांवानें ज्याला टोचावयाचें त्याला टोंचतें कीं नाहीं, कोण जाणे. पण आपल्याच घरांतील लहान मूल रोज दहा वेळां तो द्वेष तोंडानें घोकतें, आणि घोकलेलें पाठ होतें, हें आम्ही शिक्षकाच्या अनुभवानें सांगतों.

नांव बदललें कीं जीवाचें घर बदलतें, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. ऐतरेय ब्राह्मणांत अजीगर्ताच्या तीन मुलांचीं नांवें शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल अशीं आहेत. तिन्हींचा अर्थ कुत्र्याचें शेपूट! त्यांतला मधला बापानें शंभर गाईंस यज्ञपशु म्हणून विकला. देवांनीं त्याला सोडविलें, विश्वामित्रांनीं मांडीवर घेतलें, आणि तेव्हां त्याचें नांव झालें देवरात, देवांनीं दिलेला. विकतांना शेपूट, आणि आपला म्हणतांना देवरात. तेरच्या गोरोबाकाकांनीं ज्यांस कच्चें मडकें ठरविलें, त्या नामदेवरायांनींच पुढें पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांव घेतली, अशी कथा आहे. त्या कुत्र्याचें नांव कथेंत नाहीं; नामदेवांनीं मारली ती हांक विठ्ठलाची होती.

आणखी एक. नांव ठेविलें कीं जबाबदारी आली. कुत्रा दहाबारा वर्षें जगतो. पिलूं गोजिरवाणें असेपर्यंत नांवानें हांका मारावयाच्या आणि मोठें होऊन भुंकूं लागलें कीं गांवाबाहेर नेऊन सोडावयाचें, हा प्रकार आमच्याकडे पुष्कळ दिसतो. टाकून दिलेलें जनावर उपाशी फिरतें, चावतें, आणि मग दोष साऱ्या कुत्र्यांच्या जातीस लागतो. तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळरोगाची लस टोंचावी, गुरांच्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें ती पुढेंही चालूं ठेवावी. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं जनावर काय आणि माणूस काय, वांचणें जवळजवळ अशक्य. मुलास कुत्रा चावला तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळदचुना लावून बसूं नये. ज्याचें नांव आपण ठेविलें, त्याच्या लशीची तारीख आपल्या पंचांगावर लिहिलेली असावी.

महाभारत कुत्र्यापासून सुरू होतें आणि कुत्र्यापाशीं संपत येतें. आरंभीं जनमेजयाच्या भावांनीं यज्ञमंडपांत आलेल्या सारमेयास विनाकारण बडविलें. त्यानें हविर्भागाकडे पाहिलेंही नव्हतें. त्याच्या आईनें जाब विचारला, तेव्हां राजकुलांतील कोणापाशींही उत्तर नव्हतें. शेवटीं युधिष्ठिर हिमालयाच्या वाटेनें निघाले. द्रौपदी पडली, भाऊ पडले, एक कुत्रा तेवढा मागें चालत राहिला. इंद्रानें रथ आणिला आणि कुत्र्यास सोडून चढण्यास सांगितलें. जो आश्रयास आला त्यास टाकून मिळणारा स्वर्ग त्या राजानें नाकारला. त्या कुत्र्यास व्यासांनीं नांव दिलेलें नाहीं. पुढें तो साक्षात् धर्म निघाला. भुऱ्या, मोत्या, ब्रुनो, काय हवें तें म्हणा. पण एकदां म्हटलें कीं मग हा सोबती वाटेंत सोडूं नका.